मंगलवहिनीच्या लोकरी कोंबड्या

लग्नानंतरचं पाचपरतावणं करून मंगलवहिनी माहेरून, पिंपळीहून आमच्या वस्तीवर परत आली, तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात वरून फडकं बांधलेलं डालगं. एसटीच्या कंडक्टरनं त्या डालग्याचंही तिकीट फाडलं म्हणून दादा कळंबच्या फाट्यापासून घरापर्यंत कुरकुरत आला होता. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायावर पाणी घातलं, पण तिचं सगळं लक्ष डालग्याकडं. आतून येणारा आवाज कोंबड्यांचाच होता. फडकं सोडलं, आणि जे बाहेर आलं ते बघून आई दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "ही काय मांजरं आणलीस का काय?" तीन माद्या आणि एक नर. पांढरीशुभ्र, आणि अंगावर पिसं म्हणून नाहीतच. त्या जागी पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी मऊ. डोक्यावरची झुलपं डोळ्यांवर आलेली, पायांवरही केस. झुलपं बाजूला केली की काळं तोंड, काळी चोच. आणि प्रत्येक पायाला पाच बोटं. साध्या कोंबडीला चार बोटं असतात हे तोवर आमच्यापैकी कुणी मोजलंच नव्हतं. मी धावत जाऊन आमची तांबडी कोंबडी धरली आणि मोजून आले.

वहिनीचे वडील, अप्पा, बारामतीच्या अलीकडं एका निवृत्त लष्करी साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेबाला पक्ष्यांचा नाद. त्यांचं दाणापाणी, अंडी-पिल्लं, आजारपण सगळं अप्पांनी पंधरा-सोळा वर्षं बघितलं. मग साहेब म्हातारा झाला, मुलाकडं लांब राहायला गेला, आणि जाताना बाकीचे पक्षी वाटून टाकून ह्या चार अप्पांना दिल्या. अप्पांनी त्या लेकीला दिल्या. साहेब त्यांना सिल्की म्हणायचा, अप्पा शिल्की म्हणायचे, आणि आमच्या वस्तीवर दोन दिवसांत त्यांचं नाव लोकरी कोंबड्या पडलं. आम्हाला दुसरं नाव सुचलंही नसतं. आमची मेंढरं मी पाळण्यात असतानाच विकली गेली होती. कॅनॉलला पाणी आलं, ऊस आला, चरायला रान उरलं नाही. वडील कारखान्यात पाळीवर जायला लागले. पण घरातलं बोलणं मेंढरांचंच राहिलं. पोराचे केस वाढले की "कातरणीला आलाय" म्हणत.

ह्याचं मूळ म्हणजे आमचे आजोबा, आबा. कळपाला नर कोणता ठेवायचा हे आबा ठरवत, आणि आमच्याच नव्हे, डाळजपर्यंतच्या लोकांच्या कळपांचं ठरवायला त्यांना बोलावणं येई. कोकराच्या पाठीवरून हात फिरवून ते सांगत, हे ठेवा, हे विका. कोकरू राठ, केसाळ निघालं की कुठंतरी परका मेंढा लागलाय, रक्त बाटलंय, हे त्यांचं ठाम मत, आणि मेंढरांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं ठरे. कोंबडी ही बायकांची गोष्ट म्हणून त्यांनी जन्मात कधी कोंबडीला हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी वहिनीच्या हातातून एक कोंबडी मागून मांडीवर घेतली, दोन्ही अंगठ्यांनी ती लोकर कातडीपर्यंत उकलून बघितली आणि म्हणाले, "चांगलं हाय. पाव्हण्यानं नजर ठिवून दिलंय." नवीन सुनेच्या माहेराला आबांकडून एवढी शाबासकी मिळाली म्हणून वहिनी दिवसभर हलकी होऊन वावरत होती. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या घरात तिला मिळालेला पहिला मान तो, आणि मी तो घालवला.

मी नववीत होते, वहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी धाकटी असूनही नात्यानं नणंद, म्हणून ती मला "वन्सं" म्हणायची आणि "तुमी" करायची. मला त्याचा भारी तोरा होता. सकाळी आम्ही दोघी उठायचो ती तिच्या कोंबड्यांच्या आवाजानं. तो नर आरवायचा तोही घोगरा, निम्म्यात सोडून दिल्यासारखा. आईच्या तांबड्या कोंबड्यानं बांग दिली की हा मागून आपलं म्हणणं मांडायचा. वहिनी चुलीपुढं बसून बाजरीची भाकरी थापायची, तव्यावर ती फुगली की पहिला पापुद्रा मला. येसराचा मसाला घालून केलेली तिची आमटी आमच्या आईपेक्षा चांगली होती, पण हे म्हणायची सोय नव्हती. आई रानात गेली की वहिनी मला वाटीत जास्तीची घालायची. मग आम्ही घरामागच्या परड्यात जायचो. दादानं तिथं जाळी ठोकून एक वेगळं खुराडं करून दिलं होतं, कारण तिच्या कोंबड्या आमच्या गावठी कोंबड्यांत मिसळून चालणार नव्हतं. वहिनी एकेकीला मांडीवर घेऊन शिवणाच्या कात्रीनं डोळ्यांवरची झुलपं कातरायची, नाहीतर त्यांना समोरचा दाणा दिसत नसे. ह्या कोंबड्यांना उडता येत नव्हतं. पावसात भिजल्या की लोकर अंगाला चिकटून थरथरत बसायच्या, मग चुलीपुढं गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या. आई म्हणायची, "कोंबड्या हायती का बाळंतीण?"

पण त्यांचा एक गुण असा निघाला की वस्तीवरच्या बायका आमच्या दारात यायला लागल्या. गावठी कोंबडी वर्षातनं एखाददुसऱ्या वेळी खुडूक होते, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसते. ह्या सदा खुडूक. आणि बसल्या की अशा बसायच्या की दाण्यापाण्यालाही उठायच्या नाहीत. वहिनी दिवसातून एकदा उचलून दाण्यापुढं ठेवायची, तेव्हा चार दाणे टिपून परत पळायच्या. कुणाचीही अंडी चालायची. शेजारची यमुनाकाकू पदरात अंडी घेऊन यायची, "मंगल, बसीव की गं तुझ्या मांजरीखाली," म्हणायची, आणि पिल्लं निघाली की त्यातलं एक ठेवून जायची. वहिनीच्या मनात मात्र दुसरं होतं. तिला स्वतःच्या कोंबड्या वाढवायच्या होत्या. "वन्सं, ह्यांच्या ईस-पंचवीस होऊ द्या. आख्ख्या इंदापूर तालुक्यात कुणाकडं न्हायती. लोक पिंपळीचं नाव काढतील," असं ती म्हणायची. स्वतःचं नाव काढतील असं तिला म्हणायचं नव्हतंच, तिच्या डोक्यात अप्पा होते.

पहिली खेप गेली. भाद्रपदात सात पिल्लं निघाली आणि परतीच्या पावसानं एका दुपारी खुराड्यात पाणी शिरून सातही गारठून मेली. वहिनीनं डोळे पुसले आणि खुराड्याखाली विटा लावून घेतल्या. मग थंडीत, ऊसतोडीच्या दिवसांत, नर गेला. दादा भावकीतला ट्रॅक्टर चालवायचा. आमच्या अंगणात उसाची भरलेली ट्रॉली उभी होती, आणि वहिनीनं झुलपं कातरायला नराला बाहेर सोडलेलं. दादानं ट्रॅक्टर मागं घेतला. गावठी कोंबडी असती तर फडफडून छपरावर गेली असती. दादा ते पांढरं कलेवर दोन्ही हातांत घेऊन वहिनीपुढं आला आणि म्हणाला, "माझ्या हातनं गेला. मी मागं बघितलंच न्हाय." आई त्याला बोलली, आबा बोलले, वहिनी रडली, तो रात्री अर्धी भाकरी खाऊन उठला. दोन दिवसांनी सगळे पहिल्यासारखे. कबूल करणं किती सोपं असतं हे मी इतक्या जवळून बघितलं होतं, आणि तरी मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

नर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीनं मला परड्यात नेलं होतं आणि हळू आवाजात सांगितलं, "अजून संपलं न्हाय, वन्सं. अप्पा म्हंत्यात, नर गेला तरी आठ-धा दिस अंडं जितं ऱ्हातं. ह्या आठवड्यात घालतील ती त्याचीच. फकस्त दुसरा कोंबडा लागता कामा न्हाय." एवढं बोलतानाही ती जमिनीकडं बघत होती. तिला दिवसभर कांदे लावायला रानात जायचं होतं, आई सोबत असणार, पुरुषमाणसं बाहेर. शाळेहून आल्यावर घरी मीच. अंडी गोळा करायची, कोळशानं खूण करून बाजरीच्या डब्यात ठेवायची, आणि जाळीचं दार उघडायचं नाही. दाणापाणी वरच्या फटीतून. मी मान डोलावली. दहा दिवसांचं काम, त्यात अवघड काही नव्हतं.

आता मी जे केलं ते सांगते. माझ्या वर्गात कारखान्याच्या कॉलनीतल्या मुली होत्या. त्यांचे फ्रॉक इस्त्रीचे, घरी रंगीत टीव्ही. त्यांच्यापुढं मिरवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून मी लोकरी कोंबड्यांचं सांगितलं होतं, आणि त्यांनी मला थापाडी ठरवलं होतं. दोन-तीन महिने हे चाललं. नेमक्या त्या शनिवारी, नर मेल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळची शाळा सुटल्यावर त्यातल्या तिघी सायकली घेऊन माझ्या मागोमाग वस्तीवर आल्या. म्हणाल्या, दाखव. जाळीतून दाखवल्या असत्या तरी चाललं असतं. पण एकीनं विचारलं, "हात लावू देतेस का?" आणि मला वाटलं, आज ह्यांना कळू दे. मी कडी काढली आणि तिन्ही कोंबड्या अंगणात आणून एकेकीच्या मांडीवर दिल्या.

त्या मुली वेड्या झाल्या. गालाला लावत होत्या, लाडाची नावं देत होत्या. मी मधोमध उभी राहून साहेब, बंगला, पाच बोटं असं सगळं सांगत होते. माझ्या आयुष्यात इतकं कुणी माझं ऐकलं नव्हतं. मग एकीनं कोंबडीचं काळं कातडं बघितलं आणि शी करून तिला खाली सोडलं. बाकीच्या दोघींनीही सोडल्या. आईचा तांबडा कोंबडा उकिरड्यावर होता तो आला. एक पंख खाली घासत त्यानं फेरी घेतली, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. मुली एकमेकींच्या खांद्यावर तोंड लपवून हसायला लागल्या. माझ्या पायात चप्पल होती, हाताशी झाडू होता. नुसतं "हुश्श" म्हटलं असतं तरी तो पळाला असता. पण त्याला हाकलायचं म्हणजे तो काय करतोय ते मला कळतंय हे त्या मुलींपुढं कबूल करणं होतं, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मला ते मरणाहून वाईट वाटलं. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवून म्हणाले, "ती बघा आमची म्हैस." आणि त्यांना म्हशीकडं घेऊन गेले. परत येऊन बघते तर तांबड्यानं तिन्ही कोंबड्यांना सोडलं नव्हतं. मुली गेल्यावर मी कोंबड्या आत घातल्या, कडी लावली, अंगण झाडलं. संध्याकाळी वहिनीनं अंडी विचारली. मी एक अंडं आणून तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, आज एकच.

अकरा अंडी जमली. तिन्ही कोंबड्यांतलीच एक खुडूक झाली, तिच्याखाली बसवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सुरुवातीची, शनिवारच्या आधीची, दोन अंडी उबलीच नाहीत. फोडल्यावर पाणी निघालं. पिल्लांच्या अंगावर सगळ्याच पिल्लांसारखी लव होती, आणि पायाला पाच बोटं. वहिनीनं मला ओढत नेऊन बोटं मोजायला लावली. मला वाटलं, सुटले. देवाला माझी दया आली असं मी खरंच समजत होते. पण तिसऱ्या आठवड्यात पिल्लांच्या पंखांत पाती दिसायला लागली, सरळ, गुळगुळीत, कुठल्याही गावठी कोंबडीसारखी. वहिनी रोज सकाळी एकेक पिल्लू उचलून पंख पसरून बघायची आणि खाली ठेवायची. पाच-सहा दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मग एकदा भांडी घासताना सहज विचारल्यासारखं म्हणाली, "वन्सं, दार कधी उघडं राहिलं हुतं का?" मी म्हणाले, "न्हाय. कडी मी सोता लावत हुते." दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून ते मी मोठ्यानं म्हटलं. वहिनीनं मान हलवली आणि तवा घासत राहिली.

पिल्लं मोठी झाली तशी ती लपेनात. कुणाच्या डोक्यावर छोटंसं झुलप, कातडी काळपट, पण अंगावर लोकर नाही. आबांनी एक दिवस एक पिल्लू मागवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि खाली टाकलं. "बाटल्यालं हाय," म्हणाले. वहिनी पदर सावरत दाराआडून म्हणाली, "आबा, बोटं तर पाचच हायती." आबा म्हणाले, "बोटाला कोण इचारतंय? लोकर कुठं हाय?" मग त्यांनी हिशेब मांडला. दार बंद होतं. परका कोंबडा लागला नाही. तरी लोकर गेली. मग खोट मुळातच होती. पाव्हण्यानं दिसायला चांगलं आणि आतून मिसळलेलं दिलं. मेंढरात असं कोकरू ठेवत नाहीत, विकून टाकतात, नाहीतर कळप नासतो. वहिनीनं ती पिल्लं ठेवून घ्यायची दोन-तीनदा विनवणी केली, पण ते कुणाच्या कानावर गेलं नाही. तलंगा, म्हणजे त्यातल्या तरण्या कोंबड्या, आईनं इंदापूरच्या बाजारात विकल्या. नर आखाडासाठी ठेवले.

ह्याच दिवसांत घरात "पिंपळीचा माल" हा शब्द रुळला. काडी पेटली नाही की पिंपळीचा माल. सायकल पंक्चर झाली की पिंपळीचा माल. दादासुद्धा म्हणायचा, चेष्टेनं, बायकोकडं बघून. वहिनीही कधीकधी हसायची, कारण न हसून काय करणार? मीही हसायचे. ह्या सगळ्यात मला जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर दार उघडल्याची नाही, त्या हसण्याची वाटते.

आखाडात आबांनी अप्पांना जेवायला बोलावलं. मनात अढी असली तरी रीत सोडायची नाही, असा आबांचा खाक्या होता. अप्पा दुपारी आले. उंच, वाकलेले, पांढरं धोतर आणि खांद्यावर टॉवेल, लेकीसाठी पिशवीत पेरू. वडील पाळीला गेले होते. ओसरीवर आबा, अप्पा आणि दादा असे जेवायला बसले. आईनं राहिलेले शेवटचे दोन नर कापले होते. रस्सा झणझणीत झाला होता, वास फाट्यापर्यंत गेला असेल. मी भाकऱ्या वाढत होते. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि हातातलं हाड उजेडाकडं धरून बघितलं. ते काळपट होतं.

"ही शिल्कीची पिल्लं का, आबा?" त्यांनी विचारलं.

"त्यांचीच. पर लोकर न्हाय, काय न्हाय. बाटल्याली."

"समदी कापली?"

"ह्ये दोन राहिलं हुतं. तलंगा बाजारात गेल्या."

अप्पांनी हाड ताटाच्या कडेला ठेवलं. मग म्हणाले, "ठिवायला पायजे हुती. सायबाकडं एकदा असंच झालं हुतं. गावठी कोंबडा जाळीत शिरला, समदी पिल्लं साध्या पिसाची निघाली. मी कापायला काढली तर सायेब म्हनला, थांब, ह्यांचीच एकमेकांत पिल्लं काढ. काढली. चारातलं एक परत लोकरीचं निघालं. पांढरंफेक. ती गेल्याली नसती आबा, पोटात ऱ्हाती."

आबा हसले. "लोकर काय दडून बसती व्हय?"

"मला बी तसंच वाटलं हुतं. पर डोळ्यानं बघितलंय."

आबांना कुणी पारखीत खोडून काढलं, तेही कोंबड्यांवरून, तेही आपल्याच ओसरीवर, असं कधी झालं नव्हतं. त्यांचा आवाज चढला. "बरं, तसं धरू. मंग मला सांगा, गावठी कोंबडा लागला कुठनं? दार बंद हुतं. आमच्या शालननं राखलंय. तिलाच इचारा की."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. सूर अगदी साधा होता. "व्हय गं पोरी? बंद हुतं का?"

भाकरीची पाटी माझ्या कमरेवर होती. दाराआड वहिनी उभी होती, तिच्या बांगड्या मला दिसत होत्या. दादा जेवायचा थांबला होता. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, आणि मला वाटतं, कुणी मला मारलंही नसतं. दोन दिवस बोलले असते. पण शब्दामागून शब्द आले असते. कधी उघडलं, का उघडलं, कोंबडा आला तेव्हा तू काय करत होतीस? आबांपुढं, दादापुढं, पाव्हण्यापुढं मी काय सांगणार होते? आणि आबांनी मला साक्षीला उभं केलं होतं, आमची शालन म्हणून.

"बंद हुतं," मी म्हणाले.

"झालं," आबा म्हणाले. "म्हंजी मुळातच खोट. पाव्हणं, लेकीच्या हातात द्यायचं तर चांगलं द्यावं, न्हायतर देऊ नये."

अप्पा भांडले नाहीत. त्यांनी तांब्यातलं पाणी घेऊन ताटातच हात धुतले, निम्मी भाकरी तशीच होती. उठून आत बघून आईला म्हणाले, "कालवण चांगलं झालंय." टॉवेल खांद्यावर टाकला, वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फाट्याकडं चालू लागले. वहिनी दारातून त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिली, आणि मग आत येऊन तिनं त्यांचं ताट उचललं.

त्यानंतर अप्पा आमच्या घरी जेवले नाहीत. लेकीला भेटायला येत, पण फाट्यावर येऊन निरोप पाठवत. वहिनी जाऊन चिंचेखाली त्यांच्याशी बोलून येई. विचारलं तर म्हणत, गाडीची वेळ झालीय. वहिनीच्या तिन्ही कोंबड्या पुढं तीन-चार वर्षं जगल्या. दुसरा नर कुठंच मिळाला नाही. साहेबानं वाटलेले पक्षी कुणाकुणाकडं गेले ते अप्पांनाही ठाऊक नव्हतं. वहिनीच्या कोंबड्या दुसऱ्यांची अंडी उबवत राहिल्या. शेवटची गेली तेव्हा वहिनीला एक मुलगा झालेला होता आणि तिला कोंबडीकडं बघायला वेळ नव्हता, किंवा तसं ती दाखवत होती.

मी बारावीला बारामतीला होते. जीवशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर वाटाण्याची आकृती काढली, उंच आणि बुटकी झाडं, आणि पहिल्या पिढीत दिसेनासा झालेला गुण दुसऱ्या पिढीत चारातल्या एकात परत कसा येतो ते शिकवलं. सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी हात थांबवून बसले. चारातलं एक. अप्पांनी आमच्या ओसरीवर नेमकं तेच सांगितलं होतं, आणि त्यांना खोटं ठरवायला माझा एक शब्द पुरला होता. आबांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. त्यांनी जन्मभर जे हातानं तपासलं त्यावरूनच ते बोलले, मेंढराचा नियम कोंबडीला लावला. पण त्यांनी तो लावला तो माझ्या साक्षीवर विसंबून.

आणि तरी मी बोलले नाही. बारामतीत अप्पा मला कितीदा भेटले. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर असायचे, मला बघून हाक मारायचे, नको नको म्हणताना भेळ घ्यायला लावायचे. बाकड्यावर शेजारी बसून, "अभ्यास झेपतोय का?" म्हणून विचारायचे. "आमच्या मंगलला शिकवायचं राहून गेलं, तुमी शिका." मी मान खाली घालून भेळ खायचे. दर वेळी ठरवायचे, ही भेळ संपली की सांगते. मग गाडी लागायची. माझं लग्न झालं, मी नोकरीला लागले, बदल्या झाल्या. अप्पा गेल्याची बातमी मला आठ दिवस उशिरा कळली.

वहिनीला मी सांगितलं ते आत्ता, गेल्या वर्षी. आबा, आई-वडील कुणी राहिलं नाही. वस्तीवर दादा-वहिनी आणि त्यांची सून. दुपारची वेळ, आम्ही दोघी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी सगळं सांगितलं. मुली, कडी, तांबडा कोंबडा, म्हशीकडं दाखवलेलं बोट. पन्नाशीच्या बाईनं एका कोंबड्याची गोष्ट सांगताना रडावं हे मला विचित्र वाटत होतं, पण रडू आलं. मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"दाराचा मला अंदाज हुता," ती म्हणाली. "पोरीची जात, इसरली आसंल, आसं धरलं हुतं मी. त्येचं काय न्हाय." दोन-चार शेंगा फोडून झाल्या. "अप्पा शेवटी आजारी हुते तवा मी म्हयनाभर पिंपळीलाच हुते. एक दिस मला जवळ बसवून म्हणाले, मंगल, मी तुला खोटं दिलं न्हवतं गं. मी म्हणाले, मला म्हाईत हाय, अप्पा. पर त्यांना काय पटलं न्हाय. त्यांना वाटलं, लेक हाय, समजूत घालती."

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं माझ्याकडं बघितलं.

"ह्ये अप्पास्नी सांगायचं हुतं, वन्सं."